ताईची स्वखुशी

पेणच्या शाळेत मी रुजू झाले तेव्हा मुख्याध्यापकांनी वेळापत्रक लावणाऱ्या सरांना माझ्यासमोरच सांगितलं, की नव्या बाईंना नागरिकशास्त्र द्या, त्यात बिघडण्यासारखं काही नाही. ते खोटं नव्हतं. पोरं वर्षभर त्या पातळ पुस्तकाकडे ढुंकून बघत नसत. परीक्षेच्या आदल्या दिवशी हक्क आणि कर्तव्यं घोकत, पेपरात ओकत आणि घंटा झाली की मोकळी होत. मीही तशीच घोकून पास झालेली होते, त्यामुळे मला त्यांचा राग येत नसे. नोकरी संपली त्या महिन्यात मी ती सगळी पुस्तकं रद्दीवाल्याला दिली आणि सुटले म्हटलं.

पण विषय काही सुटला नाही. तो अमेरिकेची घटना घेऊन परत आला, माझ्या सख्ख्या बहिणीच्या तोंडून, आणि तेव्हा तिच्या तोंडात दात नव्हते.

ताई माझ्याहून मोठी. पेण आणि रोह्याच्या मधल्या गावात आमची भातशेती, भातानंतर वाल. मी शिकले, कारण माझं लग्न जमेना. ताई दिसायला बरी होती, म्हणून तिला रोह्याला दिली. तिला दोन मुलगे झाले. थोरला कॉम्प्युटरच्या नोकरीवर अमेरिकेला गेला आणि तिकडचाच झाला. धाकटा रोह्याजवळ धाटावला केमिकल कंपनीत ऑपरेटर, तिथेच वरश्याला फ्लॅट घेऊन राहतो. भावोजी गेले त्या वर्षी थोरल्याच्या बायकोला दुसरं मूल झालं, आणि आईला एकटं कसं ठेवायचं हा प्रश्न थोरल्याला तेव्हाच पडला. तो येऊन तिला घेऊन गेला. तिथे कायम राहायचं आणि काम करायचं कार्ड तिला मिळालं. काम तिने भरपूर केलं, सगळं घरात.

पोरं मोठी झाली, आपापल्या खोल्यांची दारं लावून बसायला लागली. ताईला दिवसभर बोलायला कोणी उरलं नाही. ती मला फोन करायची, आणि प्रत्येक फोनच्या शेवटी एकच म्हणायची, मला परत यायचं हाय गो. वरश्याला मुलाकडे नाही, माझ्याकडे, पेणच्या रामवाडीत. माझ्या दोन खोल्या आहेत, मी एकटी असते, एक खोली रिकामीच. मी म्हणायची ये. एवढीच गोष्ट होती. एका म्हातारीला अमेरिकेतून पेणला यायचं होतं आणि तिला घ्यायला पेणात एक दुसरी म्हातारी तयार होती.

मध्ये धाकटा आला. त्याला कोणी एजंटाने सांगितलं होतं, की नुसत्या कार्डावरची आई लग्न झालेल्या मुलाला अमेरिकेला बोलावू शकत नाही, पण नागरिक झालेली आई बोलावू शकते. रांग लांब आहे, वर्षं जातात, पण नंबर लागतो, मग बायको-मुलीसकट जाता येतं. भावाकडून का नाही, असं मी विचारलं. तर भावाची रांग आणखी लांब, आणि शिवाय थोरल्याच्या बायकोचा त्याला विरोध. तेव्हा आईने आधी नागरिक व्हावं आणि मग काय ते. हे त्याने माझ्या घरात बसून, माझ्यासमोर, ताईला फोनवर समजावलं. 'एकदा नागरिक झालीस, माझा अर्ज टाकलास, की तू मोकळी. मग पेणला राहा, नायतर कुठं पण राहा.' ताईने मला फोन द्यायला सांगितलं आणि मला विचारलं, हा खरं बोलतोय का. मी म्हटलं, बोलतोय.

त्याची बाजू मला कळत नव्हती असं नाही. त्याच्या खात्यात एकाच्या अंगावर ॲसिडचा पाइप फुटला होता आणि त्याला यानेच उचलून शॉवरखाली धरलं होतं. तेव्हापासून याच्या मनगटावर कातडी गुलाबी आहे. मुलीला सारखा खोकला. वरश्याला वारा फिरला की खिडक्या लावून घ्यायच्या. त्याला तिथून निघायचं होतं, आणि निघायला त्याच्याकडे आईशिवाय दुसरं काही नव्हतं.

अमेरिकेचा नागरिक व्हायचं तर परीक्षा असते, तोंडी. एक अधिकारी टेबलापलीकडे बसतो, आपण अलीकडे. तो राज्यकारभाराचे प्रश्न विचारतो, इंग्रजीत. तिथे पुष्कळ वर्षं काढलेल्या म्हाताऱ्यांना आपल्या भाषेत उत्तरं देता येतात, पण ताईची वर्षं भरत नव्हती. सगळे प्रश्न आधीच छापून दिलेले असतात, म्हणजे आमच्या शाळेतल्यापेक्षा सोपं. थोरल्याने तिच्या कानाला फोन लावून सगळे प्रश्न आणि उत्तरं ऐकवायची सोय केली. ती भांडी घासता घासता ऐकायची. परीक्षेत तिला विचारलेलं एकूण एक आलं.

आणि तरीही ती नापास झाली.

झालं असं, की शेवटी शपथेचा विषय निघाला. नागरिक होताना हात वर करून शपथ घ्यायची असते, की जुन्या देशाची निष्ठा मी सोडते, या देशाच्या घटनेचं रक्षण करीन, आणि हे सगळं मी मोकळ्या मनाने, आतलं काही न लपवता करते आहे. अधिकारी बाई होती. तिने ताईला विचारलं, हे तुम्हांला कळलं का, आणि तुमची स्वतःची तशी इच्छा आहे का. ताईने उत्तर दिलं, मुलाला विचारून सांगते.

आमच्याकडची कुठलीही बाई हेच म्हणाली असती. हळदीकुंकवाचं आमंत्रण असो, दुकानातली साडी असो, लेकीचं स्थळ असो, बाईला विचारलं की ती म्हणते, घरी विचारून सांगते. त्यात लाचारी आहे असं कुणाला वाटत नाही. ती रीत आहे. पटकन हो म्हणणारी बाई आगाऊ समजली जाते. ताईला वाटलं, एवढ्या मोठ्या साहेबीणबाईसमोर आपण रीतीने वागावं. ती वागली. मग त्या बाईने खुर्ची पुढे घेऊन विचारलं, तुमच्यावर कोणी दबाव आणतंय का. ताईला दबाव हा शब्द आधी कळला नाही. त्या बाईने सोपा करून सांगितला. कळल्यावर ताई प्रामाणिकपणे म्हणाली, हो, दोन्ही मुलं सांगतात, धाकटा रोज सांगतो.

माझ्या बहिणीला तिची इच्छा विचारणारं माणूस तिला सत्तरीच्या जवळ आल्यावर भेटलं, तेही परक्या देशातल्या सरकारी कचेरीत. लग्नात आमच्या वडिलांनी विचारलं नव्हतं. भावोजींच्या ऑपरेशनच्या वेळी संमतीची सही दिराने केली होती, ही बाहेर बाकावर बसून होती. आणि जिथे विचारलं तिथे तिने खरं सांगितलं, तर नापास. त्या बाईने गोड बोलून पुन्हा यायला सांगितलं, काही आठवड्यांनी दुसरी संधी मिळणार होती.

थोरला घरी आल्यावर तिच्यावर इतका ओरडला म्हणे, की नातीने दार उघडून बघितलं. धाकटा ओरडला नाही. तो थेट माझ्याकडे आला आणि म्हणाला, मावशी, तुझा तर विषयच हाय.

मधल्या आठवड्यांत ताईला इकडे आणवलं. कारण दातांचं सांगितलं. तिकडे कवळी करणं परवडत नाही, पेणला आपला डॉक्टर आहे. उरलेले दात काढून टाकले, हिरड्या भरून येईपर्यंत ती रामवाडीत माझ्याकडे राहिली, आणि मी तिला अमेरिकेचं राज्य शिकवलं.

मी शिकवलं ते नीट शिकवलं. मला त्या घटनेचं कौतुकही वाटलं, खोटं कशाला बोलू. आपल्या उद्देशिकेची सुरुवात जशी 'आम्ही लोक' म्हणून, तशीच त्यांचीही. राजा नाही, देव नाही, लोकांनी लोकांना दिलेलं राज्य. कायदे करणारे वेगळे, राबवणारे वेगळे, न्याय देणारे वेगळे, आणि तिघांनी एकमेकांच्या शेंड्या धरून ठेवायच्या, म्हणजे कोणी शेफारणार नाही. कायद्याच्या वर कोणी नाही. आणि सरकारला सत्ता मिळते ती ज्यांच्यावर ते राज्य करतं त्यांच्या संमतीतून. हे मी ताईला सांगत होते आणि ती बोळक्या तोंडाने पेजेचा घोट घेत ऐकत होती.

जन्मतःच मिळालेले हक्क कोणते, या प्रश्नाला उत्तर आहे, जगण्याचा, स्वातंत्र्याचा आणि सुखाचा शोध घेण्याचा. ताईने पेज खाली ठेवली. 'शोधायचाच हक्क? गावायचा नाय?'

मी म्हटलं, सापडेल अशी हमी कुठलंच सरकार देत नाही.

'हुशार हायत,' ती म्हणाली, आणि हसली. बिनदातांची ती फार कुरूप दिसायची आणि तिला ते माहीत होतं, म्हणून तोंडावर पदर घेऊन हसायची.

धाकटा फर्स्ट शिफ्ट सुटली की मोटरसायकलवर नागोठण्यावरून पेणला यायचा. हेल्मेट माझ्या टेबलावर ठेवायचा आणि स्वतः अधिकारी होऊन बसायचा. त्याला घटनेशी देणंघेणं नव्हतं. तो सरळ शेवटच्या प्रश्नावर यायचा. तुमच्यावर कोणी जबरदस्ती केली आहे का, असं तो त्याच्या कंपनीतल्या इंग्रजीत विचारायचा. ताईने इंग्रजीतच म्हणायचं, नाही, मी हे स्वखुशीने करते आहे. ती अडखळायची. म्हणायच्या आधी त्याच्या तोंडाकडे बघायची.

'माझ्याकडं बघू नको. मी नसणार हाय तिथं.'

मग ती भिंतीकडे बघायला शिकली. तरी आवाज खाली जायचा. एकदा मी चहा आणून ठेवला, तिने हात पुढे केला, तर त्याने कप उचलून फ्रिजवर ठेवला आणि म्हणाला, आधी बोल. ती बोलली. 'परत.' ती परत बोलली. त्याने आठव्या-दहाव्यांदा परत म्हटल्यावर मी उठले, कप काढून तिच्या हातात दिला आणि त्याला सांगितलं, की माझ्या घरात ही शाळा माझ्या पद्धतीने चालेल, तू धाटावला जाऊन तुझे व्हॉल्व्ह फिरव.

माझी पद्धत जास्त चांगली होती. पोरांना मी जशी कर्तव्यं शिकवली तशी तिला तिची इच्छा शिकवली. अर्थ बाजूला ठेवायचा. अर्थ मनात आला की माणूस अडखळतं. नुसता सूर पकडायचा, कुठे श्वास घ्यायचा, कुठल्या शब्दावर मान वर करायची. तिला पाढे चालीवर यायचे, म्हणून वाक्यही चालीवर बसवलं. नवी कवळी आली तेव्हा स-ला शिट्टी वाजायची, म्हणून घोटणं आणखी वाढवलं. जाण्याच्या आठवड्यात ती भाजी निवडताना, केस विंचरताना, सांजवात लावताना म्हणायची, मी हे स्वखुशीने करते आहे, माझ्यावर कोणाची जबरदस्ती नाही. शेजारीण मला विचारून गेली, ताईंना काय झालंय.

मला तिची दया येत नव्हती. हे एवढं वाक्य पार पडलं की ती माझ्याकडे कायमची येणार होती. मी तिची खोली झाडून ठेवली होती.

ती पास झाली. तीच अधिकारी बाई नव्हती, दुसरा कोणी होता, त्याने मान वरही केली नाही म्हणे. थोरल्याने शपथेचा फोटो पाठवला. हॉलभर माणसं, सगळ्यांचे उजवे हात वर, आणि ताई कॅमेऱ्याकडे बघते आहे, हसायचं की नाही ते कळत नसल्यासारखी. दुसऱ्या हातात छोटं निशाण. धाकट्याने वरश्याला अख्ख्या बिल्डिंगमध्ये पेढे वाटले आणि एक पुडा मला आणून दिला. आपला पासपोर्ट सरकारला परत करावा लागतो, तो रद्दचा शिक्का मारून आला. ताईने तो जपून ठेवला. धाकट्याला बोलावण्याचा अर्ज दाखल झाला.

पुढच्या थंडीत ती आली. निळा पासपोर्ट, दोन मोठ्या बॅगा, माझ्यासाठी साबण आणि बदाम. बॅगांत तिच्या झाडून सगळ्या साड्या होत्या. तिकडचा जाड कोट तिने तिकडेच ठेवला होता. आम्ही दोघींनी मिळून त्या साड्या कपाटात लावल्या. पंधरवडाभर ती इतकी खुशीत होती की मला तिचा कंटाळा आला. वालाच्या शेंगा आल्या होत्या, मडक्यात भाजून पोपटी लावू या म्हणून तिने माझ्या मागे टुमणं लावलं. या वयात दोन म्हाताऱ्यांनी मडकं कुठे पेटवायचं, असं मी म्हटलं, तर तिने शेजारच्या पोरांना पटवून मागच्या मोकळ्या जागेत लावलीच.

त्याच सुमारास इथल्या निवडणुका आल्या. मतदानाच्या दिवशी सकाळी ती माझ्याआधी तयार, चांगली साडी, हातात जुनं मतदारकार्ड. मी तिला सांगितलं, तुला आता करता येत नाही. तिला ते ठाऊक होतं, पण अंगवळणी पडलेलं असतं. तरी ती माझ्याबरोबर शाळेपर्यंत आली आणि फाटकाबाहेर उभी राहिली. मी शाई लावून बाहेर आले तेव्हा आमच्या गावाकडची एक बाई तिला विचारत होती, काय गो, मत नाय टाकलास?

'माझं मत आता तिकडं,' ताई म्हणाली, जरा तोऱ्यात.

घरी येताना मी विचारलं, तिकडे टाकतेस का. तर टपालाने कागद येतो, थोरला खुणा करतो, ती सही करते. मी विचारलं, तुला विचारतो तरी का कुणाला द्यायचं ते. ती म्हणाली, कशाला विचारील, मला काय कळतं त्यातलं. इथेही ती भावोजी सांगतील तिथे शिक्का मारायची. मी रस्त्यातच तिला म्हटलं, की तुला दोन देशांनी मिळून एक मत दिलं आणि ते तू कधीच टाकलं नाहीस. तिने मागे वळून बघितलं, कोणी ऐकलं का ते. मला वाटतं मी जरा मोठ्याने बोलले होते.

रविवारी धाकटा आला. बायकोला आणि मुलीला घेऊन आला तेव्हाच मी ओळखलं. आई परत कधी जाणार, तिकीट कधीचं, असं त्याने विचारलं. ताई म्हणाली, मी जात नाय. मी हितंच राहीन, मावशीकडं.

तो चिडला नाही. तो अगदी शांतपणे, आजारी माणसाशी बोलतात तसं बोलला. एजंट म्हणतो, नंबर लागेल तेव्हा आईचं घर तिकडचं पाहिजे, पत्ता तिकडचा पाहिजे, सह्या तिकडच्या पाहिजेत. आई पेणला बसली तर अर्जाला अर्थ राहत नाही. मी म्हटलं, तू तर म्हणाला होतास मोकळी. तो म्हणाला, तेव्हा मला म्हाईत नव्हतं. खरंच नसेल. ताईने विचारलं, नंबर कधी. त्याने सांगितलं, लागतात वर्षं, दहा, बारा, जास्त पण.

ताई मनातल्या मनात आपलं वय मोजत असावी. मग तिने विचारलं, 'आणि मी त्याच्या आधी मेले तर?'

तो मुलीकडे बघत म्हणाला, 'मग फाईल बंद होते, आई.'

त्याची बायको कढीपत्ता निवडत होती ती निवडतच राहिली. 'म्हणून तर तुला जपायला पायजे,' तो म्हणाला. 'तिकडं डॉक्टर चांगले हायत. हितं तुला काय झालं, पडलीबिडलीस, तर करायचं काय? तू फक्त जग. बाकी मी काय मागत नाय तुझ्याकडं.'

'तू म्हणाला होतास, मोकळी.'

'मोकळीच हायस की. नागरिक हायस.'

ते गेल्यावर ताई माझ्या पलंगावर येऊन बसली. तिने विचारलं, मी नाय म्हटलं तर चालेल? मी म्हटलं, चालेल, कुणाचा बाप तुला विमानात बसवू शकत नाही, इकडचाही कायदा नाही आणि तिकडचाही नाही. तिचा चेहरा उजळला. 'मग तू सांग त्याला,' ती म्हणाली.

मला राग आला. मी म्हटलं, मी सांगून काय उपयोग, हक्क तुझा आहे, तोंड तुझं आहे, ते तू वापरायला हवंस. अमेरिकेच्या साहेबासमोर वापरलंस ना. तिने कवळी काढून पाण्याच्या वाटीत ठेवली, आणि म्हणाली, बघते, विचारून सांगते. कुणाला विचारून, हे मी विचारलं नाही. आठवड्याभराने तिने साड्या परत बॅगांत भरल्या. दोन माझ्यासाठी ठेवल्या. त्या मला आखूड होतात.

त्यानंतर धाकटा तिला रोज फोन करायला लागला. धाटावच्या कँटीनमधून, चहाच्या सुट्टीत. बीपीची गोळी घेतलीस का, साखर किती आली, चाललीस का, बाथरूममध्ये रबराची चटई टाकली का दादाने. भावोजी होते तेव्हा महिना महिना आईची आठवण न काढणारा मुलगा. ताई मला कौतुकाने सांगायची, धाकटा रोज विचारतो गो. पहिले काही महिने मी ऐकून घेतलं. मग एकदा माझ्याने राहवलं नाही आणि मी म्हटलं, तो तुला नाही विचारत, फाईलला विचारतो.

'म्हाईत हाय,' ताई म्हणाली. 'पण विचारतो तरी.'

मग मी तिला पेणात काय काय झालं ते सांगितलं, भाव काय, पाणी किती वाजता येतं, असलं.

अर्ज मंजूर झाल्याचं पत्र आलं तेव्हा धाकट्याने परत पेढे आणले. मंजूर म्हणजे जायला मिळालं असं नाही, रांगेत उभं राहायला मिळालं. पण तो खूश होता. मुलीला इंग्रजी शाळेत घातलं. वरश्याच्या फ्लॅटला रंग द्यायचं टाळत होता, आता कशाला म्हणून. ताईने त्या सुमारास मला दोनदा विचारलं, की मंजूर झालं तर आता येऊ का. मी धाकट्याला विचारलं. तो म्हणाला, मावशी, आत्ता नको, आत्ताच तर खरं सुरू झालंय.

ती गेल्या थंडीत गेली. बाथरूममध्ये. चटई होती. थोरल्याने तिकडेच सगळं उरकलं, फोनवर दाखवलं, आणि अस्थी पुढच्या सुट्टीत आणतो म्हणाला. मी फोन टेबलाला टेकवून ठेवला होता, बघितलं, आणि मग उठून तिच्या खोलीतली गादी गुंडाळली. ती खोली मी इतकी वर्षं कुणाला भाड्याने दिली नव्हती. शेजारीण म्हणाली, आता द्या. मी म्हटलं, देईन.

दुसऱ्या दिवशी धाकटा आला, कंपनीच्या कपड्यांत, शिफ्ट अर्धी टाकून. दारातच खाली बसला आणि रडला. खोटं रडला नाही. लहानपणी तो माझ्याकडे सुट्टीला यायचा तेव्हा आईच्या आठवणीने असाच नाक ओढत रडायचा, हे मला दिसत होतं आणि तरी मला त्याच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला नाही. मी पाणी दिलं. त्याने ते पिऊन तोंड धुतलं. मग म्हणाला, 'मावशी, एक कलम हाय.'

एजंटने सांगितलं होतं. बोलावणारं माणूस मेलं की अर्ज मरतो, पण तो आधी मंजूर झालेला असेल तर माणुसकीच्या कारणावरून पुन्हा उघडायची विनंती करता येते. भाऊ जामीन राहू शकतो, त्याची बायको आता तयार झाली होती. फक्त आपल्या शब्दांत लिहून द्यायचं, मयताशी आपलं नातं कसं होतं, ती गेल्याने आपल्यावर काय गुदरलं. मनापासून लिहिलेलं असलं पाहिजे, अधिकाऱ्याला कळतं. तो म्हणाला, मला लिहिता येत नाय, तू सांग, मी लिहितो, मग त्याचं इंग्रजी करून घेऊ. तुझी भाषा चांगली.

मी त्याच्यापुढे कोरा कागद ठेवला. त्याने खिशातलं कंपनीचं पेन काढलं आणि मांडीवर पाट घेऊन बसला.

मी सांगायला लागले. माझ्या आईला घरी यायचं होतं. तिने मला तसं पुष्कळदा सांगितलं. मी तिला येऊ दिलं नाही. मी तिला खोटं बोलायला शिकवलं आणि ती माझ्यासाठी बोलली. माझा नंबर लागावा म्हणून मी तिला परक्या मुलखात जिवंत ठेवत होतो, आणि ती मेली. मी एकेक वाक्य सावकाश सांगत होते, शाळेत शुद्धलेखन घालायची तशी, म्हणजे तो कुठेतरी थांबेल आणि मान वर करेल.

तो थांबला नाही. सगळं उतरवून झाल्यावर त्याने ओठ हलवत एकदा वाचून काढलं. त्याचे डोळे परत भरले, ते त्याने बाहीला पुसले. मग कागदाची घडी घालता घालता म्हणाला, 'मावशी, याच्यानं होईल ना काम?'